कायदा येईपर्यंत घर सांभाळा

१७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळाली नाही. मग फेरविचार अर्ज झाले. तेही ९ जानेवारी २०२५ला फेटाळले गेले.

पुण्यातल्या कितीतरी घरांत या निकालाची वाट पाहिली जात होती. कुणी कोथरूडला राहतं, कुणी धनकवडीला, कुणी हिंजवडीजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये. शेजारी विचारतात तेव्हा ‘रूममेट आहोत’ एवढंच सांगतात. काहींनी तर मनात तारीखही धरली होती. ते सगळं अडलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे लिहिलंय ते तुमच्यासाठी, आणि तुमच्या आईवडिलांसाठीही. सांगायचं एवढंच. कायदा यायला वेळ लागेल. आजारपण, घरभाडं, म्हातारपण आणि मरण कायद्यासाठी थांबत नाहीत. म्हणून आजच्या कायद्यात जेवढं करता येतं, तेवढं आज करून ठेवा.

आधी मन सावरा

निराश मनानं मोठे निर्णय घेऊ नका. ‘आता काय अर्थ आहे’ म्हणून जोडीदाराला सोडू नका. रागाच्या भरात नोकरी सोडू नका. भांडणात तोंडातून निघालं म्हणून घरच्यांना सगळं सांगून बसू नका. सांगायचं असेल तर शांतपणे, तुम्ही ठरवलेल्या दिवशी सांगा. सांगितल्यावर घर सोडावं लागलं, तर चार दिवस कुठे राहायचं तेही आधी ठरवून ठेवा.

दोघांनी एकमेकांशी बोला. एक जण रडतो, दुसरा गप्प बसतो. गप्प बसणाऱ्यालाही दुःख आहे, हे ध्यानात ठेवा.

झोप उडाली, जेवण जाईना, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटू लागलं, तर एकटे राहू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे. दिवसा, रात्री, केव्हाही लावा. तिथे मराठीत बोलता येतं.

स्थळांना होकार देऊ नका

निकाल आला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘कोर्टानंच नाही म्हटलं, आता तरी लग्न कर.’ मग फोटो येतात, पत्रिका येतात, कांदेपोहे ठरतात.

इथे पाय रोवून उभे राहा. आईच्या डोळ्यांतलं पाणी बघून होकार देऊ नका. लग्नानं तुमचा कल बदलणार नाही. उलट आणखी एका मुलीचं किंवा मुलाचं आयुष्य त्यात ओढलं जाईल. ती मुलगी कुणाची तरी लेक आहे. वर्षा-दोन वर्षांनी घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करताना दोन्ही घरं रडतात.

आईला सांगा, ‘कोर्टानं लग्नाची नोंद नाकारली. मला दुसऱ्या कुणाशी लग्न कर असं सांगितलेलं नाही.’ हे खरं आहे, आणि शांतपणे सांगता येतं.

कोणी ‘उपचार’ सुचवेल. कुणी बाबा, कुणी वैद्य, कधी डिग्रीवाला डॉक्टरही. एक रुपया देऊ नका. समलिंगी असणं हा आजार नाही. कल बदलण्याचे असले उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे.

निकाल नेमका काय होता

अर्धवट ऐकून लोक घाबरतात. म्हणून नीट समजून घ्या.

पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४चा विशेष विवाह कायदा आम्ही बदलू शकत नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. तो अधिकार संसदेचा, असं त्यांनी सांगितलं. लग्नाशिवाय नात्याला कायदेशीर दर्जा द्यावा का आणि जोडपं म्हणून मूल दत्तक घेता यावं का, यावर मात्र मतं फुटली. दोन न्यायमूर्ती बाजूनं होते, तीन विरुद्ध. बहुमत विरुद्ध गेलं.

आता जे गेलं नाही ते पाहा.

तुमचं नातं गुन्हा नाही. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७चा भाग ६ सप्टेंबर २०१८ला रद्द झाला, तो रद्दच आहे. दोन सज्ञान माणसांनी स्वखुशीनं एकत्र राहायला कुणाची परवानगी लागत नाही. २०२३च्या निकालातही हे मान्य केलं आहे. ट्रान्स स्त्री आणि पुरुष, किंवा ट्रान्स पुरुष आणि स्त्री यांना आहे त्याच कायद्याखाली लग्न करता येतं, हेही त्याच निकालात आहे. एकट्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. फक्त एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही.

म्हणून कुणी धमकावलं तर घाबरू नका. डेटिंग अ‍ॅपवरून भेटायला बोलावतात, फोटो काढतात, ‘पोलिसांना सांगू, घरी सांगू’ म्हणून पैसे मागतात. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज पुसू नका, ते पुरावा आहेत. गुन्हा तुमचा नाही, पैसे मागणाऱ्याचा आहे. ११२ला फोन करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा.

कागद करून ठेवा

लग्नाचा दाखला नवरा-बायकोला एका सहीत खूप काही देतो. तुम्हाला तेच एकेक कागद करून मिळवावं लागेल. थोडं चिकटीचं काम आहे. पण महिन्या-दोन महिन्यांत होतं.

पहिलं, मृत्युपत्र. वय तीस असलं तरी करा. मृत्युपत्र नसेल तर जोडीदार कायद्यानं वारस ठरत नाही. वीस वर्षांचा संसार असला तरी नाही. मिळकत आईवडिलांकडे, भावंडांकडे जाते. मृत्युपत्र असेल तर स्वतः कमावलेलं ज्याला हवं त्याला देता येतं.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. शक्य तर तुमच्यापेक्षा तरुण आणि पुण्यातच राहणारे साक्षीदार घ्या. ‘शुद्धीवर आहे’ असं डॉक्टरचं पत्र जोडा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण करा. उद्या भाऊ म्हणाला की ‘हे खोटं आहे’, तर नोंदणी उपयोगी पडते. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही. म्हणून आधी वकिलाला विचारा. एकानं मूल दत्तक घेतलं असेल, तर आपल्या मागे त्याचं पालकत्व कुणाकडे, हेही वकिलाच्या सल्ल्यानं लिहून ठेवा.

दुसरं, बँक. दोघांच्या नावानं खातं उघडता येतं. जोडीदाराला नॉमिनीही करता येतं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२४मध्ये सगळ्या शेड्यूल्ड व्यापारी बँकांना तसं कळवलं आणि केंद्राच्या अर्थ मंत्रालयानंही ते जाहीर केलं. शाखेतला माणूस ‘नातं काय?’ म्हणून अडला, तर आवाज चढवू नका. हे जाहीर झालंय असं सांगा, मॅनेजरला भेटा, नकार लेखी मागा.

पण एवढ्यावर थांबू नका. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा. तो मालक होतोच असं नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या गुंतवणुकीवरून असाच वाद झाला होता. शेअर आणि म्युच्युअल फंडातला नॉमिनी आपोआप मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३मध्ये त्या प्रकरणात सांगितलं. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र, दोन्हींत एकच नाव ठेवा.

विमा आणि प्रॉव्हिडंट फंडाचे नियम वेगळे आहेत. तिथे आईवडील, नवरा-बायको, मुलं यांनाच झुकतं माप आहे. ऑफिसातल्या एचआरला आणि विमा एजंटला नीट विचारा. कंपनीच्या आरोग्य विम्यात जोडीदाराचं नाव बसतं का, तेही विचारा. काही कंपन्या बसवतात.

तिसरं, घर. भाड्याचं असेल तर भाडेकरारावर दोघांची नावं घाला. एकाचंच नाव असेल आणि त्याला काही झालं, तर दुसऱ्याला घरमालक चार दिवसांत बाहेर काढू शकतो. विकत घेत असाल तर करारनाम्यावर दोघांची नावं, आणि कोणी किती पैसे घातले याचा बँकेतला हिशेब. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही दोन्ही नावं लावून घ्या. हप्ते एक भरतोय आणि घर दुसऱ्याच्या नावावर, असं चालवू नका. प्रेम असतं तेव्हाच हे स्पष्ट बोलता येतं.

चौथं, दवाखाना. दोघांनी एकमेकांच्या नावानं एक पत्र लिहून नोटरी करून ठेवा. मी बेशुद्ध असेन तर डॉक्टरांनी या व्यक्तीशी बोलावं, हिला मला भेटू द्यावं, असं त्यात लिहा. हे पत्र म्हणजे हुकूम नव्हे. पण हातात काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं. मानसिक आजारासाठी तर कायदाच तुमच्या बाजूनं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कुठल्याही सज्ञान माणसाला तुम्ही आपला प्रतिनिधी नेमू शकता. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं.

शेवटच्या आजारात मशीनवर ठेवायचं की नाही, याचं इच्छापत्रही करता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८च्या एका वेगळ्या निकालात ते मान्य केलं. २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात.

पाचवं, रेशनकार्ड. एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, असं केंद्रानं २०२४मध्ये राज्यांना कळवलं आहे. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असंही आरोग्य मंत्रालयानं राज्यांना लिहिलं. नातेवाईक असतील तिथे हे पुरत नाही. म्हणून अंत्यविधी कुणी करावा ही तुमची इच्छा लिहून ठेवा. आणि घरातल्या एका तरी माणसाला ती सांगून ठेवा.

मुखत्यारपत्र केलं असेल तर एक ध्यानात ठेवा. ते देणारा जिवंत असेपर्यंतच चालतं. मृत्यूनंतर त्याची किंमत शून्य.

वकिलाची फी जड वाटते? शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत मदत मिळते. १५१०० हा त्यांचा नंबर. सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा. एक संच घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे द्या. फाइल कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक हवं.

माणसं जोडून ठेवा

रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर दार वाजवायला शेजारी लागतो. सगळ्या सोसायटीला सांगायची गरज नाही. एक शेजारी, एक डॉक्टर, एक नातेवाईक. तीन माणसं निवडा. त्यांना खरं सांगा. मावशी, आत्या किंवा चुलतभाऊ पुष्कळदा आईवडिलांच्या आधी समजून घेतात. पुढे आईवडिलांशी तेच बोलतात.

तुमच्यासारखीच आणखी माणसं शोधा. पुण्यात हे काम नवं नाही. बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. डिसेंबर २०११मध्ये शहरात पहिली प्राइड यात्रा निघाली. तेव्हा चेहरा झाकून चाललेल्यांतले काही आज चेहरा उघडा ठेवून चालतात. एखाद्या गटात जाऊन नुसतं बसा. बोललं नाही तरी चालतं. इतरांनी बँकेत, दवाखान्यात काय केलं, ते ऐकायला मिळतं.

आईबाबा, आता तुमच्याशी

तुमचं मूल हरलंय. त्याला आत्ता ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे ऐकवू नका.

‘लोक काय म्हणतील’ ही भीती खोटी नाही, मला कळते. लग्नकार्यात चार माणसं विचारतात, तुम्हाला उत्तर सुचत नाही. एक साधं उत्तर पाठ करून ठेवा. ‘तो सुखात आहे, त्याचं चांगलं चाललंय.’ पुढे कुणी विचारत नाही.

तुमच्या हातात आज तीन गोष्टी आहेत. पहिली, गणपतीला, दिवाळीला दोघांनाही बोलवा. एकालाच बोलवाल तर एकही नीट जेवणार नाही. दुसरी, मुलानं जोडीदाराच्या नावानं मृत्युपत्र केलं तर त्याला आड येऊ नका. तुमच्या मागे त्याला कोण आहे, हा प्रश्न तुम्हालाच रात्री छळतो ना? त्याचं उत्तर तो जोडीदार आहे. तिसरी, दवाखान्यात वेळ आली तर जोडीदाराला बाहेर बसवू नका. ‘हा आमच्या घरचाच’ एवढं डॉक्टरांना सांगा. कागदांनी होत नाही ते तुमच्या या एका वाक्यानं होईल.

एकट्यानं झेपत नसेल तर इतर पालकांशी बोला. खिरे यांच्या ‘मनाचिये गुंती’ या पुस्तकात अशाच पालकांचे आणि नातेवाइकांचे अनुभव आहेत. ते मराठीत आहे. आधी तुम्ही वाचा, मग भावाबहिणींना द्या.

लढाई कुठे आहे

न्यायालयानं विषय संसदेकडे दिला. म्हणजे आता तो मतदाराकडे आला. तुमच्याकडे आणि तुमच्या शेजाऱ्याकडे.

आपल्याच जिल्ह्यातून याची सुरुवात झालेली आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२मध्ये विशेष विवाह कायदा बदलण्याचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पुढे ती लोकसभा संपली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेलं. पण ते मांडता येतं, हे दिसलं. धनकवडी, वारजे, सिंहगड रस्ता हा बराचसा भाग त्याच मतदारसंघात येतो. तुमचा खासदार कोण आहे ते पाहा. त्याला एक पानी पत्र लिहा. घोषणा नकोत. बँकेत काय अडलं, दवाखान्यात काय झालं, एवढंच लिहा. नाव द्यायचं नसेल तर आईवडिलांनी, मित्रानं लिहावं. मतदारयादीत दोघांची नावं आहेत ना, तेही तपासा.

काही ठिकाणी हा प्रश्न थेट मतदानाला गेला, आणि तिथेही लोक आधी हरलेत. अमेरिकेतल्या मेन राज्यात २००९मध्ये मतदारांनी समलिंगी विवाहाचा कायदा मोडून काढला. कार्यकर्ते खचले. मग घरोघर जाऊन लोकांशी बोलले. तीन वर्षांनी, २०१२मध्ये, त्याच राज्यातल्या मतदारांनी होकार दिला. तैवानमध्ये नोव्हेंबर २०१८च्या सार्वमतात मोठी हार झाली. पण तिथल्या घटना न्यायालयानं आधीच बाजूनं निकाल दिलेला होता, आणि मे २०१९मध्ये संसदेनं कायदा केला. आपल्याकडे तसा निकाल नाही. म्हणून आपल्याला मेनसारखंच जावं लागेल, घरोघर, माणूस माणूस करत.

आणि कायदा आला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६मध्ये झाला. सदतीस वर्षांनी, १८९३मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. तरी त्यांच्या गावच्या, मुरुडच्या, लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कायद्यानं कचेरीत नोंद होते. घरात पाट मांडून घ्यायला माणसांचं मन लागतं. ते मन वळवायचं काम तुम्ही आज केलंत, तर एक दिवसही फुकट जाणार नाही. कायदा येईल तेव्हा घर तयार असेल.

म्हणून या महिन्यात एवढं करा. पहिल्या आठवड्यात दोघं बसून यादी करा, कशावर कुणाचं नाव आहे. दुसऱ्या आठवड्यात बँकेत जा. तिसऱ्यात वकिलाकडे मृत्युपत्र. चौथ्या आठवड्यात त्या तीन माणसांपैकी एकाला घरी जेवायला बोलवा आणि खरं सांगा. आईबाबा, तुमच्यासाठी एकच काम. मुलाला फोन करा आणि दुसऱ्याचीही खुशाली विचारा. त्याचं नाव घेऊन विचारा.